रोमेनियातली बल्गेरियन

लीड्सच्या एका हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट होते तेव्हाची गोष्ट. रोमेनिया आणि बल्गेरिया युरोपियन युनियनमध्ये येऊन वर्ष झालं होतं आणि आमच्या हँड क्लिनिकमध्ये त्या बाजूचे पेशंट अधूनमधून दिसायला लागले होते. त्यातली एक पन्नाशीची बाई सँडविच पॅक करायच्या फॅक्टरीत कामाला होती. बसस्टॉपपाशी बर्फावरून घसरून तिचं मनगट मोडलं होतं आणि प्लास्टर निघाल्यावर ती माझ्याकडे आली होती. नोट्समध्ये ‘रोमेनियन’ असं लिहिलेलं होतं. इंग्लिश तिला कामापुरतं छान येत होतं.

मी तिच्या हातात व्यायामाच्या पुटीचा, कणकेसारखा मऊ गोळा दिला. “दाबा, सोडा. दहा वेळा. तुम्हीच मोजा.”

ती पुटपुटत मोजायला लागली. “...द्वे, त्री, चेतिरी...”

मी कान टवकारले. लहानपणी वडिलांनी पाठ करून घेतलेल्या संस्कृतसारखंच हे वाटत होतं. आणि ही भाषा रोमेनियन नव्हती एवढं नक्की, कारण आदल्याच महिन्यात एका रोमेनियन पेशंटला मी ‘दोई, त्रेई, पात्रू’ असं मोजताना ऐकलं होतं.

“ही कुठली भाषा?” मी विचारलं.

“बल्गेरियन.”

“म्हणजे तुम्ही मूळच्या बल्गेरियाच्या?”

“मी बल्गेरिया पाहिलासुद्धा नाही,” ती म्हणाली आणि गोळा दाबत राहिली.

पुढच्या दोन-तीन अपॉइंटमेंटमध्ये मी तिला विचारून विचारून भंडावलं. तिच्या पूर्वजांनी तीनशे वर्षांपूर्वी तुर्कांविरुद्ध बंड केलं, ते मोडून काढलं गेलं, आणि जे जगले ते डॅन्यूब नदी ओलांडून पळाले. फिरत फिरत ते बनात नावाच्या सपाट मुलखात स्थिरावले. तो मुलूख आता रोमेनियात आहे. तिच्या गावात घरी, गल्लीत, चर्चमध्ये अजून बल्गेरियनच बोलतात.

“शाळेत?”

“रोमेनियनही आणि आमचीही. पण आमची आम्ही लॅटिन अक्षरांत लिहितो. बल्गेरियातली लिपी मला वाचता येत नाही.”

तिनं पेपर टॉवेलवर दोन शब्द लिहून दाखवले. मी ते बराच वेळ बघत बसले. माझे वडील मराठी लिहायचे ते तमिळ अक्षरांत. आम्ही तंजावरचे. आमचे पूर्वज भोसल्यांबरोबर तिकडे गेले ते तिकडचेच झाले. लग्न होऊन मी पुण्याला आले तेव्हा मी ‘इथे’ला ‘एथें’ म्हणायचे, आणि सासरी आलेल्या बायका मला मुद्दाम बोलतं करायच्या. प्रेमानंच, पण हसायच्या. तू मराठी इतकी छान कशी शिकलीस, असंही एकीनं विचारलं होतं.

हे सगळं ठाऊक असूनही मला एक कल्पना सुचली. आमच्याच डिपार्टमेंटला एक हेल्थकेअर असिस्टंट होती, पंचविशीची, सोफियाहून आलेली. या दोघींची गाठ घालून द्यावी. दोघींना परक्या गावात आपल्या भाषेचं माणूस मिळेल.

बाईच्या पुढच्या अपॉइंटमेंटला मी त्या मुलीला आत बोलावलं. बाईनं हसून काहीतरी म्हटलं. मुलीचा चेहरा आधी उजळला आणि मग गोंधळला. तिनं दोन वाक्यं बोलून पाहिली, मग इंग्लिशवर आली.

“तुम्ही फार जुनं बोलता. माझी पणजी असं बोलत असेल. आणि मध्येच जर्मन शब्द येतात.”

“आमच्याकडे असंच म्हणतात,” बाई म्हणाली.

मुलीनं पेपर टॉवेल उचलला. “आणि हे आपलं लिहिणं नाही. आपली अक्षरं वेगळी आहेत.” मग अगदी मनापासून तिनं विचारलं, “पण तुम्ही बल्गेरियन आहात तर परत घरी का नाही आलात?”

“घरीच होते मी,” बाई म्हणाली. “इथे येईपर्यंत.”

मी उगाचच बाईचं मनगट किती वळतं ते पुन्हा मोजलं. मुलगी गेल्यावर मी सॉरी म्हणाले, आणि पुण्यातल्या बायकांची गोष्ट तिला सांगितली. तिनं ती नीट ऐकून घेतली.

“मग तुम्ही काय केलंत?” तिनं विचारलं.

“त्यांच्यासारखं बोलायला शिकले.”

“मी नाही शिकणार,” ती म्हणाली. रागानं नाही, बसचा नंबर सांगावा तसं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. मार्चमध्ये तिचा ईस्टर आला. ती कॅथलिक. त्या दिवशीच्या जेवणाला तिनं मला बोलावलं आणि म्हणाली, “त्या मुलीलाही सांगा.” मुलगी म्हणाली, आम्ही ऑर्थोडॉक्स, आमचा ईस्टर अजून महिनाभर लांब आहे, आमचे उपासाचे दिवस चालू आहेत. तरी ती आली. हेअरहिल्स भागातल्या बाईच्या छोट्या फ्लॅटमध्ये तिनं बटाटे आणि सॅलड तेवढं खाल्लं, कोकराच्या मटणाकडे बघितलंही नाही, आणि सबंध दुपार बाईला शब्द विचारत बसली. उंबऱ्याला काय म्हणता? जावेला काय म्हणता? मध्येच दोघी खो खो हसायच्या. मी शाकाहारी, त्यामुळे मलाही बटाटेच होते. मला एक अक्षर कळत नव्हतं आणि तरी उठावंसं वाटेना.

महिन्याभरानं मुलीचा ईस्टर झाला तेव्हा ती लाल रंगवलेली अंडी घेऊन बाईकडे गेली. हे मला बाईनं शेवटच्या अपॉइंटमेंटला सांगितलं. मनगट तोवर चांगलं वळायला लागलं होतं.

उन्हाळ्यात ती मुलगी तिला आपल्याबरोबर सोफियाला घेऊन गेली. सप्टेंबरमध्ये मला बाई मार्केटमध्ये भेटली, मिरच्या निवडत होती.

“कसा वाटला बल्गेरिया?”

“सुंदर आहे. डोंगर फार. आमच्याकडे सगळं सपाट, मला तिथे दम लागायचा.” मग म्हणाली, “दुकानात मी बल्गेरियन बोलले की ते इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचे. पण त्या मुलीची आजी होती ना, तिला माझं सगळं समजत होतं. रोज अंगणात मला बोलवायची आणि म्हणायची, बोल, नुसती बोलत राहा.”

“पुन्हा जाल?”

“आजीला भेटायला जाईन,” ती म्हणाली आणि मिरच्यांची पिशवी तिनं दुकानदाराकडे वजनाला दिली.