सातवा मुद्दा

दादाच्या मुलीला मी पहिलं पत्र पाठवलं तेव्हा त्यावर विषय लिहिला होता, संदर्भ लिहिला होता आणि मजकूर नऊ मुद्द्यांत मांडला होता. दादाला जाऊन चार महिने झाले होते. तो तरुणपणी भिलाई सोडून अमेरिकेत गेला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं. त्यांच्या या एकुलत्या मुलीला मराठी येत नाही, हिंदीही येत नाही. तिने मेलवर विचारलं होतं, "आत्या, बाबा लहानपणी कसे होते? तुला आठवेल तसं लिही." यातला आत्या हा शब्द तेवढा दादाने शिकवलेला, बाकी सगळं इंग्रजीत.

इंग्रजी मला येतं अशी माझी समजूत होती. मी भिलाईतच स्टील प्लांटच्या एका कार्यालयात लिपिक आहे आणि चोवीस वर्षं इंग्रजी पत्रं तयार करते आहे. कामाला लागले त्या आठवड्यात आमच्या मोठ्या बाबूंनी माझ्यापुढे एक जाडजूड फाइल ठेवली होती. ते नागपूरकडचेच. म्हणाले, "हे पाय पोरी, इंग्रजी शिकाची गरजच नाही. जे पत्र लिहाचं, त्याच्यासारखं जुनं पत्र याच्यात आहेच. तारीख बदल, नंबर बदल, झालं."

रजा, स्मरणपत्र, खुलासा, शोक, सगळ्याचे नमुने त्यात होते. मी ते पाठ केले. त्या कागदांत कुणी माणूस काही करत नसे. गोष्टी होत, किंवा होऊ शकत नसत. सही साहेबांची असायची, तेव्हा लिहिणारा मजकुरात दिसू नये हीच आम्हा लिपिकांची शिस्त. मला ती कधी जाचली नाही. उलट सोयीची वाटली.

तर नऊ मुद्दे. जन्म. शाळा. सायकल. आवडता पदार्थ: पाटवडीचा रस्सा, खाली त्याचं वर्णन. भीती: पाल. असं करत सातवा मुद्दा होता, की आईच्या शेवटच्या आजारात त्यांची उपस्थिती होऊ शकली नाही.

दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. माहितीबद्दल आभार, आणि खाली: "सातव्यात कारण दिलं नाहीस. मॉम म्हणते, त्यांनी काम सोडून जायचं नाही असं ठरवलं. मी विचारलं की ते उठून दुसऱ्या खोलीत जायचे. त्यांचं आजीवर प्रेम नव्हतं का?"

मी फाइलमधलं वाक्य काढलं. अपरिहार्य कारणास्तव. रजेच्या प्रत्येक अर्जात असतं ते. पाठवून दिलं. त्यानंतर तिचं काहीच आलं नाही. माझ्या वहीत मी नोंद केली: 'पुतणी, उत्तर प्रलंबित.' ती नोंद सात आठवडे तशीच पुढच्या पानावर उतरवत राहिले.

ते कारण मला माहीत होतं. कारण मी होते.

अकरा वर्षांपूर्वी बुधवारी आईला दम लागला म्हणून दवाखान्यात भरती केलं. दादाची तिकडे कायम राहण्याच्या कागदांची शेवटची मुलाखत पुढच्या सोमवारी होती. मी खाटेजवळ बसून कुणाकुणाला फोन करायचे त्याची यादी केली. पहिलं नाव दादाचं. मग विचार केला, तो आत्ता निघाला तर सगळं जाईल, आणि डॉक्टर तर म्हणताहेत चार दिवसांत घरी जातील. मी ते नाव खोडलं आणि सर्वांत खाली लिहिलं: 'दादा, सोमवारनंतर.'

शुक्रवारी आईने विचारलं, "त्याले सांगितलं का वं?"

"सांगितलं. येऊन राहिला तो."

ती दोन दिवस दाराकडे तोंड करून पडली होती. परिचारिका कूस बदलून द्यायच्या, ती परत वळायची. रविवारी पहाटे गेली.

दादा पाचव्या दिवशी पोचला. चप्पल काढायच्या आधी म्हणाला, "मले कावून नाही सांगितलं?"

"वेळच नाही भेटला रे."

त्याने मान हलवली. तेरवी झाली, जायच्या आदल्या दिवशी त्याने स्वयंपाकघरातली बंद पडलेली ट्यूबलाइट बदलली आणि गेला. पुन्हा कधी विचारलं नाही. घरी बायकोला, मुलीला त्याने काय सांगितलं ते मला आता कळत होतं. काहीच नाही. त्यांनी जे समजायचं ते समजू दिलं.

हे मराठीत मला लिहिता आलं असतं का, ठाऊक नाही. इंग्रजीत तर येतच नव्हतं. म्हणून मी भिलाईतल्याच कोहक्यात संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग लावला. नवऱ्याला वाटलं प्रमोशनसाठी. त्याला तसंच वाटू दिलं.

वर्ग एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. शिकवणाऱ्या मॅडम केरळच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, हिंदी आमच्यापेक्षा चांगली. प्रवेशाच्या वेळी त्यांनी एक पान लिहायला लावलं आणि ते दोनदा वाचलं.

"गलती एक भी नहीं है," त्या म्हणाल्या. "पर ये लिखा किसने है?"

"मैंने."

"दिखता तो नहीं."

आणि त्यांनी मला मधल्या वर्गात टाकलं. चोवीस वर्षांच्या इंग्रजीनंतर. माझ्या बाजूला खुर्सीपारची एक नर्स बसायची, वय पंचविशीच्या आत. तिला परदेशात नोकरीसाठी परीक्षा द्यायची होती. पहिल्याच दिवशी म्हणाली, "आँटी, हमको तो बाहर जाना है. आप क्यों आए हो?"

"एक चिट्ठी लिखनी है."

"एक चिट्ठी के लिए छह महीने?"

मधल्या वर्गात काल काय केलं ते सांगायचं असे. मी म्हणाले, काल भाजी आणण्यात आली. सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. "कौन लाया?" त्या विचारत. रोज. कोण म्हणालं, कोण विसरलं, कोणाच्या हातून पडलं. मला पहिले दोन महिने प्रत्येक वाक्यात स्वतःला आणून बसवताना घाम फुटे. वर्गातली पोरं फटाफट बोलत, चुकत, पुढे जात. मी उत्तरं आधी मनात तयार करी, तोवर प्रश्न दुसऱ्याकडे गेलेला असे.

वरच्या वर्गात गेल्यावर मात्र मला जोर चढला. तिथे एकच गोष्ट हलकी, जड, आडून, थेट कशी म्हणायची ते शिकवत. हे माझ्या कामाचं होतं. मी वहीत माफी मागायच्या वाक्यांची यादी सुरू केली. औपचारिक वर, घरगुती खाली, प्रत्येकापुढे कधी वापरायचं ते. चाळीस झाली. एका संध्याकाळी मॅडम यायच्या आधी नर्सने वही ओढून घेतली, बोटाने खालपर्यंत मोजत गेली.

"इतने सॉरी? आँटी, आपने किया क्या है?"

ती चेष्टेत म्हणाली होती. वर्ग सुटल्यावर जिना उतरताना मी तिला सांगितलं. सगळं, दाराकडे तोंड करून पडलेल्या आईसकट. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी. हिंदीतून सांगितलं, कदाचित म्हणून जमलं.

ती स्कूटीची किल्ली हातात धरून उभी राहिली. "हमारे वार्ड में रोज होता है ये," ती म्हणाली. "सब यही बोलते हैं, आ रहा है, आ रहा है."

"फिर?"

"फिर क्या. पेशंट समझ जाता है." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आप वो चालीस वाला मत भेजना उसको. पढ़ते-पढ़ते थक जाएगी."

मी घरी येऊन कपाट उघडलं. मी याद्या फेकत नाही. वर्षाप्रमाणे पाकिटं असतात. ती यादी दवाखान्याच्या पाकिटात होती, औषधाच्या चिठ्ठ्यांबरोबर. मग पुतणीला लिहिलं, की रविवारी सकाळी तुझ्याशी बोलायचं आहे, तुझ्याकडे शनिवारची संध्याकाळ असेल. सातव्या मुद्द्याबद्दल. तासाभरात उत्तर आलं: ठीक.

रविवारी मी नवऱ्याला बाजारात पाठवलं आणि मोबाइल डब्याला टेकवून बसले. ती पडद्यावर आली. कपाळ दादाचं. मी बोलायच्या गोष्टी एका कागदावर लिहून आणल्या होत्या, प्रस्तावनेसकट. कागद उलटा ठेवला.

"आय डिड नॉट टेल हिम," मी म्हणाले.

ही वाक्यं मुलं पाचवीत शिकतात. तिला नीट ऐकू गेलं होतं, तरी मी परत म्हणाले. आजी आजारी आहे हे मी त्याला कळवलं नाही, फोनच्या यादीत त्याचं नाव खाली ढकललं, ती यादी अजून माझ्याकडे आहे. त्याला ठाऊक असतं तर तो आला असता. आणि आजीला मी सांगितलं की तो निघाला आहे. ती वाट बघत होती. हे दोन्ही मी केलं.

तिच्या मागे कुठेतरी भांड्याचा आवाज झाला, तिने वळून पाहिलं नाही.

"बाबांना माहीत होतं?" तिने विचारलं.

"मला ठाऊक नाही. त्याने एकदा विचारलं. मी खोटं बोलले. त्याने परत विचारलं नाही."

"मी त्यांना किती वेळा विचारलं," ती म्हणाली. आवाज वर गेला नाही. "दर वेळी मला वाटायचं, ते लपवताहेत."

मी चाळिसातलं एकही वाक्य वापरलं नाही. वापरावंसं वाटलं, तोंडात आलंही होतं. तिने ते मागितलं नव्हतं. ती फोन बंद करील असं मला वाटलं आणि केला असता तर तो तिचा हक्क होता.

"ती यादी आहे म्हणालीस," ती शेवटी म्हणाली. "दाखव."

मी कागद कॅमेऱ्यासमोर धरला. तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. "बाबा कुठे आहेत?"

मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

ती पडद्याजवळ आली, डोळे बारीक करून बघत राहिली. मग म्हणाली, "वरून वाच. एकेक. कोण होते ते सगळे, सांग मला."

मी चष्मा लावला. वरचं पहिलं नाव खोडलेलं होतं, पण रेघेखालची अक्षरं दिसत होती. तिथूनच सुरुवात केली.