इतरांच्या भिंतींवरची माझी बायको

पुढच्या महिन्यात नगरला माझ्या व्यक्तिचित्रांचं प्रदर्शन आहे. त्याच्या पुस्तिकेचा मसुदा मागच्या पंधरवड्यात घरी आला. चकचकीत कागद, विचारात पडल्यासारखा दिसणारा माझा फोटो, आणि प्रदर्शन भरवणाऱ्या पुण्याच्या बाईंनी लिहिलेलं पानभर कौतुक. त्यात म्हटलंय की माझ्या चित्रांतल्या सगळ्या स्त्रियांच्या चेहऱ्यांत विलक्षण साम्य आहे. रुंद कपाळ, आवळलेले ओठ, नजरेत दाबून ठेवलेला संताप. दुष्काळी मुलखातल्या स्त्रीचं सामूहिक दुःख या चित्रकाराला गवसलं आहे, वगैरे.

मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती.

"सामूहिक म्हणजे काय?"

"सगळ्यांचं मिळून."

"आणि दुःख कसलं हो? पाय अवघडेस्तोवर बसवून ठेवायचात, आत स्टोव्हवर दूध उतू जायचं. संताप नाही येणार तर काय होईल?"

म्हणून पुस्तिका छापून येण्याआधी हे लिहितोय. साम्य विलक्षण नाही. ती सगळी चित्रं एकाच बाईची आहेत. ती बाई माझी बायको आहे. ती धडधाकट आहे, आणि या जिल्ह्यातल्या अनेक घरांत गेली कित्येक वर्षं कुणाची तरी मेलेली आई म्हणून हार घालून टांगलेली आहे.

माझं दुकान नगरच्या स्टँडजवळ होतं. पाट्या, नंबरप्लेटा आणि पोर्ट्रेट असं बाहेर लिहिलं होतं. मला आता लोक 'मास्टर' म्हणतात, तेव्हा 'ए पेंटर' म्हणायचे, आणि तेच बरोबर होतं. साखर कारखान्यांच्या चेअरमनांची चित्रं काढण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, कारण मी त्यांची धडं आधीच रंगवून ठेवायचो. फेटा आणि कोट, टोपी आणि जाकीट, असे दोन प्रकार. निवडणूक झाली की वर डोकं बसवायचं. एका चेअरमनला स्वतःची छाती फार आवडली. ती आधीच्या चेअरमनसाठी रंगवलेली होती. दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

पुरुषांची अडचण नव्हती. गडी कुठे ना कुठे फोटोत सापडायचाच. सोसायटीच्या सभेत, कुणाच्या लग्नाच्या वरातीत, तालमीच्या घोळक्यात. बायकांचा फोटो नसायचा. बाई मरायची, दहावं-तेरावं व्हायचं, आणि वर्षश्राद्धाच्या आधी घरातला कुणीतरी दुकानात येऊन उभा राहायचा. "भितीला लावायला आईचा फोटू पायजे. पर फोटू न्हाई."

सुरुवातीला मी रीतीने काम केलं. मेलेल्या बाईची बहीण बसवायची, नाहीतर लेक बसवायची, आणि घरच्यांना विचारत विचारत चेहरा जमवायचा. यात भांडणं फार व्हायची. थोरला म्हणायचा नाक असं, धाकटा म्हणायचा नाक तसं, आणि जावई कधी न पाहिलेल्या सासूच्या भुवयांबद्दल बोलायचा. मला कंटाळा आला. दुसरं कारण नाही. गरिबी नव्हती, कुणी जुलूम केला नव्हता, नुसता कंटाळा आला. दुकानामागेच आमची खोली होती. मी बायकोला हाक मारायचो, डोक्यावर पदर घे म्हणायचो, सरावासाठी काढतोय सांगायचो. मग त्या चेहऱ्याला कुणाचं ठसठशीत कुंकू, कुणाची नथ, कुणाच्या थोड्या सुरकुत्या. गिऱ्हाईक आलं की आधी गंभीरपणे विचारायचो, "वर्णन सांगा." ते सांगत बसायचे. मी रंग घोटत हं हं करायचो.

आणि चित्र बघून ती माणसं रडायची. अंगठ्याने काचेवरची धूळ पुसत "अगदी आईच" म्हणायची. एखादा म्हणायचा, "जरा उजळ वाटती." मी म्हणायचो, "गेलेलं माणूस उजळतंच." हे वाक्य मला तेव्हा फार खोल वाटायचं. त्यांचं रडू मी माझ्या कलेच्या खाती जमा करून घेतलं. कुठल्याही बाईचं चित्र त्या दिवशी त्यांच्या हातात दिलं असतं तरी ते रडले असते, हे न कळण्याइतका मी मूर्ख नव्हतो. कळून घेतलं नाही, एवढंच.

बायकोला कळलं ते नेवासे तालुक्यात एका लग्नघरी. जेवणं झाल्यावर घरची म्हातारी तिच्याकडे टक लावून बघत बसली. मग उठली आणि वाकून हिच्या पायाच पडली. म्हातारी हिच्यापेक्षा तीस वर्षांनी तरी मोठी.

"अहो आजी, हे काय?"

"पडू दे बाई. आमच्या सासूबाईच आल्यासारखं झालं बघ." आणि तिने भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर ही होती. चंदनाचा हार, खाली उदबत्तीचं घर.

घरी आल्यावर चपला काढताना ती म्हणाली, "सराव चांगला चाललाय तुमचा." आणि थोड्या वेळाने, "किती घरांत मारलंय मला?"

मी म्हणालो, त्यात मारण्यासारखं काय आहे, उलट मान आहे. लोक पूजा करतात. हे मी खरोखर म्हणालो.

त्या दिवसापासून ती माझ्यासमोर बसली नाही. कुणाच्या कॅमेऱ्यासमोरही नाही. नातवंडांच्या बारशांचे फोटो काढताना ती नेमकी स्वयंपाकघरात असते. माझं मात्र काही अडलं नाही, कारण तोवर तिचा चेहरा मला पाठ झाला होता. तिने नाही म्हटल्यावरही मी तोच काढत राहिलो. पुढे फ्लेक्सवाले आले, मोबाईल आले, मेलेली माणसं हसऱ्या रंगीत फोटोंत चौकात लागू लागली आणि माझं दुकान बसलं. मी थांबलो नाही. गिऱ्हाईक थांबलं.

आता या पुण्याच्या बाई. त्या भल्या आहेत, मेहनती आहेत, गाडी घेऊन जिल्हाभर फिरल्या. घराघरांतून माझी चित्रं प्रदर्शनापुरती मागून आणली. इतक्या घरांत एकच चेहरा बघून माणसाला संशय यावा. यांना सिद्धान्त सुचला. बरंचसं गोळा झाल्यावर मला म्हणाल्या, "सर, जुन्याबरोबर एखादं नवं काम हवं. लोकांना सांगता येतं, चित्रकार अजून काढतोय."

मी बायकोला विचारलं. आता आहे तशी बस म्हणालो, पांढऱ्या केसांची. खाली तुझं नाव लिहीन.

"माझं नाव माझ्या तोंडाखाली?"

"हो."

"फार उपकार. आणि जिथं मी दुसऱ्याच्या नावाने लटकलीय तिथलं काय?"

"आता सगळ्यांना कुठे शोधत बसू?"

"सगळ्यांना नको. एका घरी जाऊन तोंडावर सांगून या. जिथं जायला तुमचा पाय उचलणार नाही तिथं जा. मग बसते."

पाय न उचलणारं घर कोणतं हे मला शोधावं लागलं नाही. खर्ड्याच्या पलीकडचं एक गाव. तिथला एक ऊसतोड्या कित्येक वर्षांपूर्वी दुकानात आला होता. बायको कोपरगावकडे तोडीवर असताना तापाने गेली, तिकडेच नदीकाठी जाळली. दीड-दोन वर्षांचं पोरगं गावाकडे आजीजवळ होतं, त्याने आईला शेवटचं पाहिलंही नाही. तो माणूस माझ्यासमोर दिवसभर बसून तिचं वर्णन सांगत होता. मी रंग घोटत होतो.

ते पोरगं आता पन्नाशीला आलंय. मी गेलो तेव्हा त्याने अंगणात खाट टाकली, बायकोला चहा ठेवायला सांगितलं.

"या पेंटर. त्या पुन्याच्या म्याडमचा फोन आल्ता. म्या फोटू पुसूनपासून ठिवलाय. आईचा फोटू नगरला लागनार म्हनून समद्या गावाला सांगितलंय. टेम्पो करून येनार हाय समदे."

चहा येईपर्यंत मी थांबायला हवं होतं, पण मग मी बोललोच नसतो. सांगून टाकलं. ते चित्र तुमच्या आईचं नाही. ते माझ्या बायकोचं आहे.

तो हसला. म्हाताऱ्याची थट्टा समजला. मग त्याची बायको दारात कपबशी घेऊन तशीच उभी राहिली आणि त्याचं हसू गेलं.

"मंग माजी आई कशी हुती?"

"मला माहीत नाही."

"बापानं सांगितलं न्हाई तुमाला? त्यो तर म्हनायचा, पेंटरला समदं सांगितलंय, दिस घातला म्हनून."

"सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"काईच ध्यानात न्हाई?"

मी खूप ताण दिला. एकच आठवलं. तिच्या हनुवटीवर गोंदण होतं असं तो दोनदा म्हणाला होता, आणि दोनदा मी मान हलवली होती.

"व्हय," तो हळू म्हणाला. "आजी म्हनायची गोंदन हुतं. म्या बापाला इचारलं, फोटूत कामून न्हाई? बाप म्हनला, पेंटर नगरचा हाय, त्याला आपल्यापरीस कळतं."

मला वाटलं आता तो मला हाकलून देईल. त्याची बायको तशी सुरूही झाली. "लगीन झाल्यापून म्या ह्या फोटूच्या पाया पडती. पोरांच्या परीक्षा, म्हशीचं व्येनं, समदं हिला सांगितलं. कुनाला सांगितलं म्या? आन बाई जिती हाय? सवाष्न हाय?"

"आहे."

"अगं आई गं! सवाष्नीला हार घालीत हुतो आमी! ह्ये पाप कुनाच्या डोक्यावर?" मग नवऱ्याकडे, "उतरवा त्यो आदी."

त्याने स्टुलावर चढून चित्र उतरवलं. मागची भिंत तेवढीच पांढरी राहिली होती. चित्र माझ्या मांडीवर ठेवून तो म्हणाला, "घिऊन जावा तुमची बायकू."

मी उठलो. दारापाशी पोचलो तेवढ्यात त्या बाईने थांबवलं. आतून खण आणि नारळ आणला, खणाला हळदीकुंकू लावलं आणि माझ्या पिशवीत घातलं. माझ्याशी बोलली नाही. पिशवीशी बोलल्यासारखं म्हणाली, "त्येंस्नी म्हनावं, आमास्नी ठाव नव्हतं. राग धरू नका."

मी काही तरी बोललो. नवं चित्र काढून देतो, गोंदणासकट, असलं काही. तो पाठमोरा म्हणाला, "आता कुनाची बायकू काढशीला?"

गोणपाटात गुंडाळलेली बायको मांडीवर घेऊन मी एसटीने नगरला आलो. शेजारच्या माणसाने विचारलं, "देव हाय का?" मी म्हणालो, नाही.

घरी तिने गोणपाट सोडलं. तिशीतली स्वतः, काचेवर जुन्या कुंकवाचे थर. ओल्या फडक्याने तिने काच पुसली, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, "हा दुधाचाच दिवस. बघा ना, कान आत स्टोव्हकडेच लागलाय." मग खण-नारळ स्वतःच्या हाताने देवापुढे ठेवला. निरोप सांगितला तेव्हा पदराने डोळे टिपले. नंतर माझ्यावर उखडली.

"माझं तोंड मला परत आलं. त्या माणसाला काय आलं?"

त्याच्या आईला पाहिलेलं त्या घरात आता कुणी जिवंत नाही. ती कशी होती हे सांगू शकणारा एक माणूस दिवसभर माझ्यासमोर बसला होता. माझ्या चित्रांत दुःख गवसलंय म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की दुःख स्वतःहून दुकानात आलं होतं आणि मी त्याला हं हं करून वाटेला लावलं.

पुण्याच्या बाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, पण मग प्रदर्शनाची संकल्पनाच कोसळते." मी म्हणालो, कोसळू द्या. त्यांना नवी संकल्पना सुचायला वेळ लागला नाही. ओळख, विस्मृती असं काहीतरी त्या बोलत होत्या. मी फक्त दोन गोष्टी मागितल्या. त्यांच्या पानाऐवजी हे छापायचं. आणि जी चित्रं घराघरांतून आणली आहेत ती लावण्याआधी मी प्रत्येक घरी जाऊन सांगून येणार. ज्यांना परत हवी त्यांना परत, ज्यांना नकोत ती माझ्याकडे. मग हॉल रिकामा राहिला तर रिकामा.

बायको बसते आहे. सकाळी, भाजी निवडताना. "इकडे बघ" म्हणायचं नाही ही तिची अट आहे, त्यामुळे चित्रात ती माझ्याकडे पाहत नाही, गवारीकडे पाहते. ओठ आवळलेले नाहीत. बहुतेक वेळ ती बोलतच असते, आणि जे बोलते ते मी ऐकतो, त्यामुळे काम फार हळू चाललंय. कपाळ अजून नीट आलेलं नाही.

हार घालण्याजोगी जागा चौकटीत ठेवू नका, असं तिने बजावलंय. खण शिंप्याकडे टाकलाय. प्रदर्शनाला तोच ब्लाउज घालून येणार आहे म्हणते. खर्ड्याकडच्या त्या घरीही तिने स्वतः फोन केला, टेम्पो करून या म्हणाली. येतात का ते त्या दिवशीच कळेल.