पप्पांनी केलेलं ड्रेसिंग

तळोज्याच्या एका गाळ्यात एक निवृत्त इंजिनिअर स्वतःचं दोन सीटचं विमान बांधत होते. त्यांना मी सर म्हणायचे. कॉलेजच्या मॅडमच्या ओळखीने मी दर रविवारी तिथे वायरिंगला जायचे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे त्या विमानाचं माझ्यापेक्षा पप्पांनाच जास्त कौतुक. पप्पा कारखान्यांचे कंट्रोल पॅनल जोडतात. हे कळल्यावर सरांनी एका रविवारी त्यांनाही बोलावलं, काम दाखवलं आणि स्वतः पनवेलला सामान आणायला गेले.

पॅनलच्या कामात वायरी ओळीत बसवून बांधण्याला ड्रेसिंग म्हणतात. सगळ्या वायरी एका जुडीत, एकीवर दुसरी चढलेली नाही, वळणं सारखी. पप्पांचं ड्रेसिंग बघायला त्यांच्या कंपनीत नवीन माणसांना उभं करतात. त्या दिवशी ते विमानाच्या सीटखाली वाकून चार तास बसले. पंखांवरच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांची वायर, बॅटरीची जाड वायर, हेडफोनच्या माइकची बारीक वायर, सगळं एका जुडीत. मध्येच म्हणाले, "मम्मी गावी गेली की तुझ्या वेण्या पण मीच घालायचो."

सगळं एका जुडीत चालणार नाही हे मला माहीत होतं. आदल्याच आठवड्यात सरांनी माझ्या वहीत आकृती काढून दिली होती. दिव्यांची वायर उजवीकडून, माइकची डावीकडून. एकमेकींना ओलांडायचंच झालं तर काटकोनात. वही माझ्या बॅगेत होती. मी सांगायला दोनदा तरी तोंड उघडलं असेल. मग पप्पांना जुडी बांधायचे प्लास्टिकचे टाय देत राहिले.

पुढच्या रविवारी पप्पांना ड्युटी होती. सरांनी बॅटरी आणि विमानाचा रेडिओ चालू करून मला हेडफोन दिला. पंखावरचा दिवा चमकला की कानात टिक्. परत चमकला की परत टिक्. सरांनी सीटखाली टॉर्च मारला आणि बराच वेळ बघत राहिले.

"सुंदर केलंय," ते म्हणाले. "पण सोडावं लागेल."

त्यांनी कटर माझ्याकडे दिला. मी एकेक टाय कापत गेले. रडू येईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. हात चालत होते. माइकची वायर ओढून डावीकडे नेली तरी तिची वळणं तशीच राहिली होती, ती बोटांनी सरळ केली. नंतर दिवे लावले तेव्हा कानात काही आलं नाही. सर खूश झाले. मीही हसले असेन.

करंजाड्याला घरी पोचले तेव्हा पप्पा टीव्हीसमोर जेवत होते.

"चालला का रेडिओ?"

"चालला. पण पप्पा, जुडी सोडावी लागली. माइकची वायर वेगळी न्यावी लागते, नाहीतर दिव्यांचा आवाज येतो."

त्यांनी घास खाल्ला. वाईट वाटल्यासारखं दिसलं नाही. विमानाचं वेगळं असणार, असं काहीतरी म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुला हे आज कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "नाही. आधीच माहीत होतं."

"मग चार तास मला का बसू दिलंस?"

पप्पांनी ताटात हात धुतला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.