लिंबूटिंबू नाही तो!
पद्माकर तेरा वर्षं बोटीवर होता. इंजिनरूमच्या धडधडाटावर आवाज चढवून बोलायची सवय लागली ती कायमची. पुढे पाठीने दगा दिला, डॉक्टरांनी समुद्र बंद केला आणि तो सिंगापूरच्या एका शिपयार्डात खुर्चीवर बसून काम करू लागला. यिशुनला भाड्याने फ्लॅट घेतला, बायकोच्या, उल्काच्या हातचं दोन वेळचं जेवण सुरू झालं, पोट सुटलं. आवाज मात्र इंजिनरूममधलाच राहिला. त्या आवाजाचं करायचं काय, हा प्रश्न १९९५ साली सुटला. त्या वर्षी तो यार्डाच्या फुटबॉल टीमचे सामने बघायला लागला.

सोबतीला श्रीनिवास असे. त्याच्याच ऑफिसात स्पेअर पार्ट्सचं बघणारा, मूळचा डोंबिवलीचा. फुटबॉल दोघांनाही सारखाच कळायचा, म्हणजे बेताचाच, त्यामुळे वादाला तोटा नव्हता.

वादाचा विषय एकच, अकरा नंबर. डाव्या बाजूने खेळणारा एक किडकिडीत मलय क्रेन ऑपरेटर. जर्सीवर नाव नसायचं, नुसता आकडा. पहिल्याच सामन्यात तो बराच वेळ कोपऱ्यात उभा राहिलेला दिसला आणि पद्माकर सहज बोलून गेला, "हा तर लिंबूटिंबू दिसतोय." मोठ्यांच्या लगोरीत आईच्या धाकाने धाकट्याला घ्यावं लागतं, तो बाद झाला तरी बाद धरत नाहीत, तसला. श्रीनिवासला शब्द इतका आवडला की त्याने तो दत्तकच घेतला.

पण तिसऱ्या सामन्यात पद्माकरने नीट पाहिलं. अकरा नंबर कोपऱ्याकडे धावला की समोरचे दोन गडी त्याच्यामागे धावत, आणि मधला नऊ नंबर मोकळा सुटे. गोल नऊ नंबरचा, टाळ्या नऊ नंबरला. पद्माकरने तिथेच बाजू बदलली.

"नऊ सामने, दोन गोल," श्रीनिवास बोटं नाचवत म्हणायचा. "पास तर मिळतात ना त्याला? त्यांचं करतो काय? लोणचं घालतो? तो लिंबूटिंबूच आहे, पद्या, तूच म्हणालास."

"अरे, गोल करणं हे त्याचं कामच नाही! पंगतीत वाढणारा स्वतः किती जेवला, हे मोजतोस का तू?"

एवढं बोलून भागत नसे. मग पद्माकर उठायचा आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडायचा, "लिंबूटिंबू नाही तो! लिंबूटिंबू नाही!" हे दर शनिवारी.

टीम फायनलला गेली. फायनलच्या चार दिवस आधी कॅन्टीनमध्ये कोच भेटला, तोंड पाडून. अकरा नंबर खेळायला नाही म्हणतोय. तुम्ही इंडियन अंकल लोक त्याला सगळ्यांदेखत गाय म्हणता, आता टीममधली पोरंही हंबरून दाखवतात.

पद्माकरचं डोकंच फिरलं. हे श्रीनिवासचेच धंदे, असं ठरवून तो त्याच्याशी कडाकडा भांडला, आणि संध्याकाळी घरी जेवताना ती सगळी कहाणी उल्काला ऐकवली. उल्काचा वाढता हात थांबला.

"तुम्ही काय ओरडता तिथे?"

त्याने सांगितलं. उल्काने कपाळावर हात मारला.

"अहो, मलयमध्ये लेम्बू म्हणजे गाय! इथे आल्यावर मी पहिला शब्द हाच शिकले. हॉकरच्या टपरीवर काही खायला घ्यायच्या आधी विचारावं लागतं ना, ह्यात लेम्बू नाही ना म्हणून. तुम्हाला आयतं ताटात मिळतं, तुम्हाला कुठून कळणार?"

"पण मी तर 'नाही' म्हणत होतो!"

"तुमचं 'नाही' त्याला कुठे कळतंय?"

पद्माकरने हातातला घास ताटात परत ठेवला. ज्या पोरासाठी तो घसा फोडत होता, त्याला दर शनिवारी त्यानेच चारचौघांत हिणवलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो क्रेनच्या शेडकडे गेला. अकरा नंबर कागदातला भात खात बसला होता. पद्माकरला पाहून त्याने मान फिरवली. पद्माकर शेजारी बसला आणि आपल्या इंग्रजीत त्याने सगळं उलगडून सांगितलं. मुलांचा खेळ, धाकटा भाऊ, शब्दाचा घोटाळा.

"म्हणजे, बाद झाला तरी ज्याला मोजत नाहीत, असं पोर?" अकरा नंबरने विचारलं.

"हो."

"आणि मला असं पहिल्यांदा कोण म्हणालं?"

श्रीनिवासचं नाव जिभेवर आलं होतं. पद्माकरने ते गिळलं. "मी. मीच म्हणालो. चुकलो."

अकरा नंबरने भाताचा कागद बाजूला ठेवला. "मग गायच बरी, अंकल. गाय दूध तरी देते."

पद्माकरला ते लागलं. घाईघाईने तो म्हणाला, "मी नंतर बदललो! तू त्या दोघांना कोपऱ्यात ओढतोस, मध्ये जागा करून देतोस, हे तुला सुचतं कसं?"

"सुचत नाही. कोच म्हणतो कोपऱ्यात जा, मी जातो. मला आत येऊन खेळायला आवडतं. पण मला विचारतंय कोण?"

ह्याचं काम काय, ह्याची किंमत काय, यावरून दोन शहाण्यांनी इतके शनिवार डोकेफोड केली होती, आणि शेडपर्यंत चालत यायला तीन मिनिटं लागत होती.

"शनिवारी खेळशील?" त्याने हळूच विचारलं. "मी तोंड मिटून बसेन, शपथ."

"खेळेन. पण तोंड मिटू नका. शनिवारी माझी आई येणार आहे सामना बघायला. तुमच्याएवढा आवाज दुसऱ्या कुणाचाच नाही. ओरडा, अंकल. फक्त माझं नाव घेऊन ओरडा."

"नक्की," म्हणून पद्माकरने तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. अकरा नंबर त्याच्याकडे बघत होता. पद्माकरने आठवून पाहिलं, पण जे ठाऊकच नव्हतं ते आठवणार कुठून? अशी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

"रोसली," तो मुलगा शेवटी स्वतःच म्हणाला, आणि उरलेला भात खाऊ लागला.