डोळा मारणारा भिंग्या

नंबरकाकांचं खरं नाव गल्लीत कुणालाच आठवत नव्हतं. तीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काढलेला हा माणूस रस्त्यापलीकडून चाललेल्या बाईकडे बघून सांगायचा, "उणे दोन. आणि चष्मा घरी विसरलीय." बहुतेक वेळा बरोबर निघायचं, आणि चुकलंच तर चूक त्या बाईच्या डोळ्यांची असायची.

त्यांच्या कुत्र्याचं नाव भिंग्या. बुटका, केसाळ, दिवसभर काकांच्या पायाशी लोळणारा. काका चाकावर भिंगांच्या कडा घासत बसायचे आणि भिंग्या चाकाखालून गिऱ्हाइकांची पाहणी करायचा. एक दिवस त्यानं एका गिऱ्हाइकाला चक्क डोळा मारला.

अख्खं दुकान हसलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पोस्टमनला मारला, मग एका कडक मुख्याध्यापिकेला, आणि त्यासुद्धा लाजल्या. काकांची छाती फुगली. त्यांनी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून दारात टांगलं, 'डोळा मारणारा कुत्रा. आत या, बघा.'

"अहो, त्याच्या डोळ्यातून पाणी येतंय," काकू म्हणाल्या. "सारखा पंजानं चोळतोय. उजेड दिसला की तोंड फिरवतो."

"लाजतोय. नाव झालं की होतं असं."

"लाल झालाय डोळा!"

"डोळ्यांतलं आता तू मला शिकवणार?" काका म्हणाले खरे, पण खणातून स्वतःच्या डोळ्यांत घालायची थेंबांची बाटली काढायला लागले. काकूंनी ती हिसकावली, भिंग्याला काखोटीला मारलं आणि चालू पडल्या. काका दुकानाला कुलूप लावून पुटपुटत मागोमाग.

प्राण्यांची डॉक्टरीण तरुण होती. काकांच्या मते उणे दीड. तिनं भिंग्याच्या डोळ्यात रंगाची पट्टी टेकवली, खोलीतला दिवा मालवला आणि बॅटरीचा निळा झोत टाकला. बुबुळावर हिरवा ठिपका चमकला.

"काका, हा डोळा मारत नाहीये. दुखतंय म्हणून मिटून घेतोय. ही जखम आहे, आणि खोल आहे. औषधानं भरली तर ठीक, नाहीतर डोळा जाईल."

"पण झालं कशानं?"

"काच घासताना तुम्ही डोळ्यांवर काही घालता?"

"म्हणजे काय! जाड चष्मा लावतो. कण उडतात."

"आणि हा कुठे बसतो?"

काकांची नजर स्वतःच्या पायांकडे गेली. काकूंनी बाटली पुढे केली. "हे घातलं असतं तर?"

"जखम चिघळली असती. डॉक्टरला विचारल्याशिवाय माणसांचे थेंब कुत्र्याला कधीच घालू नका."

त्यानंतरचे दहा दिवस काकांचा जीव टांगणीला लागला. पुठ्ठा त्यांनी पहिल्याच दिवशी फाडला. भिंग्याचं अंथरूण चाकापासून लांब, काकूंच्या खुर्चीशी गेलं. डोळ्यांत टोचणारे केस जाणत्या माणसाकडून कापून घेतले. रोज सकाळी दाराशी उजेडात बसून काका त्याचे दोन्ही डोळे तपासायचे, लाली आहे का, पांढुरकं दिसतंय का, घाण साठलीय का. दर चार तासांनी थेंब. भिंग्याच्या गळ्यात प्लास्टिकचं भलंमोठं नरसाळं, त्यामुळे तो प्रत्येक खुर्चीला धडकायचा, आणि प्रत्येक धडकेला काका खुर्चीलाच ओरडायचे. कुणी विचारलं, "आज डोळा नाही मारला?" की त्याला ते बाहेरचा रस्ता दाखवत. आपण भिंग्याच्या दुखण्याचा तमाशा मांडला, हे त्यांना खात होतं.

अकराव्या दिवशी डॉक्टरणीनं भिंग्याचा चांगला डोळा हातानं झाकला आणि दुसऱ्या डोळ्यासमोर कापसाचा बोळा वरून सोडला. कापूस पडताना आवाज होत नाही, दिसला तरच कळतो.

बोळा जमिनीवर पडला. भिंग्या ढिम्म. काकांनी काकूंचं मनगट घट्ट धरलं.

तिनं दुसरा बोळा सोडला. तो जमिनीपर्यंत पोचलाच नाही. भिंग्यानं तो वरच्या वर तोंडात झेलला आणि मजेत चघळायला लागला.

"अरे सोड! काका, जबडा धरा त्याचा, गिळेल तो!"

"थांबा हो," काका बाहीनं डोळे पुसत म्हणाले, "मला काहीच दिसत नाहीये."