अनीसभाई, ते चालू आहे

अनीसभाई आज सकाळी अकोल्यात वारले.

अचलपुरात त्यांचं नाव खराब झालं, ते माझ्यामुळे.

हे ते असताना लिहायला हवं होतं. हिंमत झाली नाही.

अमरावतीत माझं लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. एक खोली, एक असेंबल्ड कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर आणि मी.

शेतीची फार वाईट वर्षं होती ती. लग्नं कशीबशी उरकायचे लोक, शूटिंग कोण करतंय! आलेलं काम बिघडलं असतं तर दुकानाला कुलूपच.

त्यात लोडशेडिंग. लाइट दोन तास टिकायची, आणि फिल्म रेंडर होऊन सीडीसाठी तयार व्हायला लागायचे चार तास. इन्व्हर्टर मधेच मान टाकायचा. की पुन्हा पहिल्यापासून.

कुणीतरी अनीसभाईंचं नाव सांगितलं. कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. अकोल्याहून एसटीनं आले, खांद्याला रेक्झिनची बॅग.

त्यांनी प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला. म्हणजे कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवला. वर मोठा पंखा बसवला. चार तासांचं काम अडीच तासांवर आलं. दोन तास लाइटवर, शेवटचा अर्धा तास इन्व्हर्टरवर. मी हरखून गेले.

"पण ताई, काम नसलं की हा आपोआप हळू होते. ते सेटिंग बंद करू नोका."

"काहून?"

"काहून म्हंजे? औतातून सोडलेला बैल पयते काय? काम नसतानी कायले पयवता त्याले? बॅटरी वाचते, खोली बी तपत नाई."

मी मान डोलावली. आणि आठ दिवसांत इंटरनेटवर कुठेतरी वाचलं की खरा वेग हवा असेल तर हे सेटिंग बंदच करा.

अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली मी. केलं बंद.

त्याच आठवड्यात अचलपूरच्या एका लग्नाचं काम होतं. मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं सासरी जाणार, कायमची परराज्यात. तिला सीडी सोबत न्यायची होती.

मे महिना. दुपारभर लाइट नव्हती. मशीन इन्व्हर्टरवर नुसतंच चालू ठेवून मी जेवायला गेले. काही काम नसताना ते पूर्ण वेगानं बॅटरी खात बसलं.

लाइट आली, रेंडर लावलं. ऐंशी टक्क्यांवर लाइट गेली. इन्व्हर्टर दोनदा टीं टीं करून गप्प.

मुलीचे वडील समोर उभे. मला कळलं होतं काय झालं ते. तरी त्यांच्यादेखत मी फोन लावला आणि ओरडले, "अनीसभाई, तुम्ही माझं मशीन बिघडवलं!"

"येतो ताई."

रात्रभर लाइट नव्हती, पहाटे आली आणि बॅटरी भरू लागली. अनीसभाई सकाळी पहिल्या एसटीनं आले. मुलीचे वडील आधीच बाकावर बसलेले. अनीसभाईंनी मशीन सुरू केलं, सेटिंग उघडलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

मी कॅसेटच्या रॅककडे पाहत राहिले.

"काय झालतं?" वडिलांनी विचारलं.

"माह्या हातून चूक झाली, भाऊ. ताईचा काई दोष नाई."

एवढंच. सेटिंग पुन्हा चालू केलं, रेंडर लावलं आणि ते संपेपर्यंत स्टुलावर बसून राहिले. बडनेरा स्टेशनवर गाडी हलता हलता सीडी खिडकीतून मुलीच्या हातात गेली.

माझं दुकान वाचलं. पण वडिलांनी गावभर सांगितलं, "त्या अकोल्याच्या मिस्त्रीले मशीन देऊ नोका." अचलपुरात त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही. हे माझ्या कानावर आलं, आणि मी तोंड उघडलं नाही. भित्री होते. दुसरं कारण नाही.

पुढे ते वर्षानुवर्षं माझ्याकडे येत राहिले. त्या दिवसाचा शब्दही काढला नाही. चहा पिताना फक्त विचारायचे,
"ताई, ते सेटिंग चालू हाय ना?"

मी "हो" म्हणायचे. ते हसायचे.

भाभी, तुम्ही हे वाचाल. मुलं वाचतील. अचलपूरच्या मंडळींनीही वाचावं, म्हणून उघड लिहितेय.

चूक अनीसभाईंची नव्हती. माझी होती.

भाई, तुम्हाला श्रद्धांजली म्हणून माझ्याकडे एवढी खरी गोष्टच आहे, तीही उशिरानं.

आणि हो, ते चालू आहे.