खरखरीतली नदी

अन्याय झाला तो माझ्या सुमनमावशीवर, गेल्या रविवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर. तरुणपणी तिने जपानी संगणकावर ठिपक्याला ठिपका जोडून एक खेळ रचला होता. सोळा रंगांत नदी, तिच्यात नावाडी, पैलतीरावर दिवे. तेव्हा संगणकाचे खेळ गाण्यांच्या साध्या कॅसेटवरच साठवत; हा सगळा खेळ एकाच कॅसेटवर होता. वर कोणी काही भरू नये म्हणून मावशीने कॅसेटच्या कडेचा तुकडा मोडून ठेवला होता. मामाने त्या भोकावर चिकटपट्टी लावली आणि आपलं भजन भरलं.

“अगं ताई, रिकामीच होती ती. नुसती खरखर!”

“तुझ्या गळ्यापेक्षा सुरेल होती,” मावशी म्हणाली आणि टीव्हीला जोडलेली संगणकाची वायर काढून गुंडाळू लागली.

मी भांडले, मग दमले. तीच खरखर संगणकात गेली की पडद्यावर नदी वाहायची, हे कितीदा सांगायचं? आपल्याला वाचता येत नाही ते आपण खुशाल रिकामं ठरवतो. टीव्हीचा पडदा काळाच राहिला. नावाडी आता पैलतीराला लागणार नाही.

तुमच्याही घरात अशी खरखरणारी कॅसेट असेल. बटण दाबण्याआधी ती कोणाची आहे, ते विचारा.